मला कधीच न झालेला क्षय

सातपाटी,
सोमवार

प्रिय आत्या,

'प्रिय' हे पत्राची रीत म्हणून लिहिलं आहे. मामलेदाराला अर्ज करतानाही आपण 'माननीय' लिहितोच. त्यातून फार काही वाचू नकोस.

उद्या तुला जाऊन महिना होतो. संध्याकाळी चॅपलात तुझ्या महिन्याची मिस्सा आहे, सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतील आणि त्यानंतर तुझ्या थडग्यावर फरशी बसणार आहे. त्या फरशीवर काय कोरायचं यावरून गेले पंधरा दिवस आपल्या आळीत जो गोंधळ चाललाय, त्याला कारण मी. उद्या मी येणार नाही. मी यावं असं तिथे कोणाला वाटतही नाही. म्हणून इथे आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून लिहिते आहे. समोर बांबूंवर बोंबील वाळताहेत, बाबा कामावर गेलेत, आणि मला वेळ आहे. जिवंतपणी तू मला कधी पुरतं वाक्य बोलू दिलं नाहीस. आता ऐक!

पेद्रूकाका आले होते. चॅपलातल्या पहिल्या बाकावरचे तुझे शेजारी, तिथले कारभारी. बोईसरहून एस.टी. बदलत बदलत सातपाटीपर्यंत आले, घामाघूम झाले होते. खिशातून कागद काढला. मजकूर आधीच लिहून आणलेला, छान वळणदार अक्षरात. 'मी रेजिना, क्षयाने आजारी होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. माझ्या आत्याने नऊ दिवस प्रार्थना केली आणि मी पूर्ण बरी झाले.' खाली सहीसाठी रेघ.

"येवढी सही कर बाय," काका म्हणाले. "फादर म्हनतात, पोरीनं सोता लिहून दिल्याशिवाय फरशीवर कोरायचं नाय."

कोणते डॉक्टर, आत्या? कोणती आशा? कसला क्षय?

तुला आणि मला माहीत आहे. बाबांना माहीत आहे. बाकी सगळ्या आळीला वाटतं की तू मला मरणाच्या दारातून ओढून आणलंस. अग, त्या दारात मला तूच नेऊन बसवलं होतंस!

पण आधीपासून सांगते. तुझ्यावर अन्याय झाला असं नको व्हायला.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. त्याच वर्षी तुझा नवरा गेला आणि तू भावाच्या घरी परत आलीस. बाबा सुतार. सोमवारी सकाळी सातपाटीला होड्या दुरुस्त करायला जायचे ते शनिवारी परत. म्हणजे मला वाढवलंस तूच. जेवू घातलंस, उवा काढल्यास, गोवर आला तेव्हा कडुनिंबाचा पाला अंथरलास. हे मी नाकारत नाही. त्या कामांना कोणी बघायला नसायचं आणि ती तू चोख केलीस. मग ज्या कामांना बघणारे होते, त्यांचंच असं का झालं?

उपासाचे चाळीस दिवस आठवतात तुला? मला विसरता येत नाहीत. त्या दिवसांत तू डोक्याला तेल लावायची नाहीस. केसांचा काथ्या व्हायचा. भर दुपारी तारापूरच्या रस्त्याने अनवाणी चालायचीस आणि कोणी सायकलवरून येताना दिसला की जरा लंगडायचीस. मी तुझ्या मागेच असायचे, आत्या. रस्ता मोकळा झाला की तुझा पाय आपोआप बरा व्हायचा!

आणि तो चहा! उपास घरात बसून करता येतो की नाही? पण नाही. तू चार वाजता बरोबर कोणाच्या तरी ओटीवर हजर. चहा पुढे आला की हात आडवा. "नको गं, माझा उपास हाय." मग पुढचं घर. चहा नको म्हणायला लोकांच्या घरी जाणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

सणाच्या दिवशी वारली बायकांना जुनी लुगडी वाटायचीस. त्या बिचाऱ्या उजाडता डोंगराकडून चालत यायच्या. लुगडी घरात घडी करून ठेवलेली असायची. एकदा मी म्हटलं, आत्ताच देऊन टाकू का? तर म्हणालीस, "मिस्सा सुटू दे." म्हणजे तीन तास त्यांनी उन्हात बसायचं, कारण देणारीला बघायला माणसं अजून बाहेर आलेली नाहीत. त्यातली जानी एकदा हसून मला म्हणाली होती, "तुजी आत्या देताना आमच्याकडं बघत नाय गं. फाटकाकडं बघते." अडाणी म्हणायचीस ना तू तिला?

पण तुझा खरा दागिना म्हणजे लॅटिन. मिस्सेची सगळी उत्तरं तुला तोंडपाठ. एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, पण आवाज असा लावायचीस की फादरसुद्धा क्षणभर थांबायचे. अख्खं चॅपल पुटपुटायचं आणि तू एकटी गायचीस. मग मिस्सा मराठीत आली. एका रविवारात तुझा दागिना पितळेचा झाला! जे तू म्हणायचीस ते आता शेंबडं पोरही म्हणू लागलं, वर समजून म्हणू लागलं. तुझा चेहरा मला अजून दिसतो. देवाशी बोलायची भाषा बदलली म्हणून नव्हे, ती सगळ्यांना आली म्हणून तू दुखावलीस.

त्या वर्षीचा राखेचा बुधवार, चाळीस उपासांचा पहिला दिवस. मी पंधरा वर्षांची. नव्या तरुण फादरांनी मराठीत वाचन केलं. येशू सांगतो की उपास करताना तोंड पाडून हिंडू नका, लोकांना दिसावा म्हणून उपास करू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. मी पहिल्यांदा ऐकत होते. इतकी वर्षं हे दरसाल लॅटिनमध्ये वाचलं जात होतं आणि तू त्याला खणखणीत आमेन म्हणत होतीस! मी तुझ्या डोक्याकडे बघितलं. पदराखालून काथ्या बाहेर आलेला, तेल तू आठवडाभर आधीच बंद केलेलं. आणि मी हसले. मोठ्याने, खो खो करून, भर चॅपलात हसले.

बायका वळल्या. आधी माझ्याकडे, मग माझी नजर होती तिकडे, तुझ्या डोक्याकडे. दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावले.

तू तेव्हा काही बोलली नाहीस. घरी आल्यावरही मारलं नाहीस. मला वाटलं, सुटले. तू मे महिना येईपर्यंत थांबलीस.

मे महिन्यात चॅपलाचा सण. मांडव भरलेला, बोईसरची, तारापूरची पाहुणे मंडळी आलेली. जेवणाआधी तू उभी राहिलीस आणि माझा हात धरून वर केलास. "माझी ही एकुलती एक भाची मी देवाला दिली. पुढल्या वर्सी जूनात ती मठात जानार."

मला विचारलं नव्हतंस. बाबांना विचारलं नव्हतंस. ते मांडवाच्या कडेला बाक दुरुस्त करत होते. हातात हातोडी तशीच घेऊन तुझ्यापुढे आले.

"मोने, पोरीला इचारलंस का?"

"तिला काय इचारायचं? देवाला देतोय, कसायाला नाय!"

लोक हसले. टाळ्या वाजल्या. म्हाताऱ्या बायका माझा हात डोळ्यांना लावू लागल्या. बाबांचं पुढचं वाक्य त्या टाळ्यांत गेलं.

इथे माझंही पाप लिहिते, नाहीतर मी तुझ्याच पंक्तीला बसेन. मला आवडलं, आत्या! ते हात डोळ्यांना लावणं, ते पहिलं वाढलेलं पान, 'आमच्यासाठी प्रार्थना कर हां' म्हणणाऱ्या बायका. त्या वर्षभरात मी हळू चालायला शिकले, नजर खाली ठेवायला शिकले, कोणी बघत असेल तर जपमाळ बोटांत फिरवायला शिकले. तुझीच शिष्या. बाबांनी दोनदा विचारलं, "रेजी, तुला खरंच जायचंय?" मी दोन्ही वेळा मान हलवली. कशासाठी जायचंय ते मला माहीत नव्हतं. न जाण्याने काय जाईल ते मात्र नीट माहीत होतं.

मठात कोणी हात डोळ्यांना लावत नाही. तिथे पहाटे उठून भांडी घासतात आणि ती चकचकीत झाली म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही. दीड वर्षाने आमच्या थोरल्या सिस्टरने मला जवळ बसवून विचारलं, "रेजिना, तुला इथे कोणी बोलावलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याने."

सिस्टर हसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आत्याला सांग, तिला स्वतः यायचं असेल तर अजून वेळ गेलेली नाही." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाळ, दुसऱ्याच्या नवसावर इथे कोणी टिकत नाही. घरी जा. लग्न कर, नोकरी कर, काहीही कर. पण जे करशील ते तुझं तू कर."

मी रडले. पण खरं सांगू? गाडीत बसले तेव्हा छातीवरचा दगड उतरला होता.

बोईसरला उतरले, पत्र्याची पेटी घेऊन दुपारी दाराशी आले. तू ओटीवर तांदूळ निवडत होतीस. सुपात हात तसाच राहिला. भिंतीवर माझा मठातला फोटो, त्याला ताजा हार. तू माझ्याकडे बघितलंस, मग फोटोकडे, मग रस्त्याकडे. 'आलीस?' नाही, 'जेवलीस?' नाही. पहिला प्रश्न काय विचारलास?

"कोनी बघितलं तुला येताना?"

मला आत ढकललंस, दार लावलंस. मी सगळं सांगितलं. तू ऐकत नव्हतीस, हिशेब करत होतीस. लोकांना काय सांगायचं याचा. दिवेलागणीपर्यंत तुझा हिशेब जमला. शेजारची कुस्तान मावशी आली तेव्हा तू दारातच पदराने डोळे पुसत सांगितलंस, "पोरीच्या छातीत निघालं. क्षय हाय. मठवाल्यांनी जड मनानं पाठवली."

मी आतून ऐकलं. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"आत्या, मला काही झालेलं नाही!"

"गप ऱ्हा. नापास होऊन आली म्हनून सांगू? तुज्या बापाला तोंड दाखवायला जागा ऱ्हानार नाय."

आणि मी गप्प राहिले. अठरा वर्षांची धडधाकट मुलगी, मी खाटेवर जाऊन पडले!

दुसऱ्या दिवशी तुझी नोव्हेना सुरू झाली. नऊ दिवस, रोज संध्याकाळी, आपल्या अंगणात. मेणबत्त्या घेऊन पस्तीस-चाळीस माणसं. तू मध्ये गुडघ्यांवर. माझ्या फुप्फुसांसाठी तू असा टाहो फोडायचीस की रस्त्याने जाणारे बैलगाडीवाले थांबायचे. मी आत बसून मोसंबी सोलत असायचे. लोकांनी माझ्यासाठी आणलेली मोसंबी! एकदा ठसका लागला, सालीचा रस घशात गेला म्हणून, तर बाहेर बायका हुंदके देऊन रडू लागल्या. असली ती तुझी प्रार्थना, आत्या. ज्याला ती ऐकवत होतीस त्याला सगळं ठाऊक होतं. मग तू कोणाशी बोलत होतीस?

ज्यांना ठाऊक नव्हतं ते मात्र खरंच मागत होते. कुस्तान मावशीचा संधिवाताचा गुडघा जमिनीवर टेकलेला मी फटीतून बघितला आहे. त्यांचं तू चोरलंस. देवळातली पेटी फोडणारा चोर निदान लपूनछपून तरी येतो!

शनिवारी बाबा आले. तू त्यांनाही खरं सांगितलं नाहीस. सख्ख्या भावाला! ते माझ्या खाटेशी बसले. तू माझं ताट वेगळं ठेवलं होतंस, शिवाशीव नको म्हणून. बाबांनी त्याच ताटातला भात खाल्ला.

"अरे, लागंल तुला!" तू ओरडलीस.

"लागू दे," बाबा म्हणाले.

तू स्वतः रचलेल्या आजाराला घाबरल्याचं नाटक इतकं छान केलंस की मलाही क्षणभर खरं वाटलं.

बाबा देवभोळे नव्हते, तुला त्याची लाज वाटायची. मिस्सेला ते बाहेर आंब्याखाली उभे राहायचे. जपमाळेत पेंगायचे. रविवारी दुपारी मी मागच्या दारी पाणी प्यायला गेले. त्यांच्या कामाच्या पडवीचं दार आतून बंद होतं. फळ्यांच्या फटीतून बघितलं. लाकडाच्या भुशात ते गुडघ्यांवर बसले होते. हात जोडलेले नव्हते, नुसते मांड्यांवर पडलेले. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि तेही इतक्या हळू की मी ओठांवरून ओळखलं. "माजं घे. तिचं नको."

मी तेव्हाच दार ठोठावायला हवं होतं. नाही ठोठावलं. हा माझा गुन्हा आहे आणि तो मी तुझ्या खात्यावर टाकत नाही.

नववा दिवस झाला आणि दहाव्या दिवशी, रविवारी, तू मला मिस्सेनंतर वेदीपुढे नेलंस. "चाल," म्हणालीस. मी चालले. "दीर्घ श्वास घे." घेतला. "बघा!" तू हात वर केलेस. लोक रडले, गायले, तुझ्या पायांना हात लावायला धावले. काय पण चमत्कार! न आलेला ताप उतरवून दाखवलास, न तुटलेला हात जोडून दाखवलास! त्या दिवशी तुझ्या डोळ्यांत जे पाणी होतं ते खरं होतं. तेच बघून मला तुझी खरी किळस आली. तुझा स्वतःवरच विश्वास बसला होता.

मी त्याच दुपारी पडवीत जाऊन बाबांना सांगितलं.

बाबांनी रंध्याचं पातं बोटाने पुसलं. "म्हंजे तुला कायच झालं नव्हतं?"

"नाही बाबा. मी तुम्हाला फसवलं."

ते हसले. मग रडले. मग नाक पुसून म्हणाले, "फसवलंस. पन मी मागलं ते खोटं नव्हतं. ज्याच्याकडं मागलं त्याला म्हाईत हाय."

एवढंच! त्या एका वाक्यात जेवढा धर्म होता, तेवढा तुझ्या त्या लॅटिनमध्ये उभ्या जन्मात नव्हता.

मग ते स्वयंपाकघरात तुझ्याकडे आले. मी दारात उभी होते. बाबांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"मोने, लोकांना फसवायचं तर तुजं तू फसव. त्यात माजी पोर का घातलीस?"

"मी घरान्याची अब्रू राखली!" तू म्हणालीस. "लोक आज या घराला नमस्कार करतात."

"मग ऱ्हा त्या नमस्कारात," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सातपाटीला आलो. घर तुला ठेवलं. बाबा होड्यांचं काम करत राहिले, तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा काही दिवस तिकडे सेंटरिंगला गेले. मी इथल्या बालवाडीत कोळ्यांच्या पोरांना शिकवू लागले. कोळणी मला 'बाय' म्हणतात आणि मी कुठल्या धर्माची ते त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी विसरल्या. दोन वर्षं मी तुझ्या खोट्यावर झाकण ठेवून इथे सुखाने राहिले. कशाला जुनं उकरायचं, म्हणून. बघ, गप्प बसायलाही किती छान कारण सापडतं!

आणि मग पेद्रूकाका तो कागद घेऊन आले.

मी म्हटलं, "काका, ही सही इतकी कशाला लागते?"

काकांनी टोपी काढली. त्यांची मान खाली गेली. "आमच्या लुशीला हाय ना गं तेच."

लुशी म्हणजे त्यांची सून. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. लहानपणी आम्ही चिंचा पाडायला बरोबर जायचो. तिला खरा क्षय. पालघरच्या दवाखान्यात सुया घेत होती.

"आता सुया बंद केल्या," काका म्हणाले. "तुज्या आत्याच्या थडग्याची माती पान्यात घालून घेते. तू बरी झालीस ना? मग तिला पन... तू लिहून दिलंस की तिचा इस्वास पक्का व्हील."

मला आधी वाटलं होतं काका पुढारपण मिरवायला आले. तसं नव्हतं. तो माणूस भिकाऱ्यासारखा माझ्या दारात उभा होता. तुझ्यासारखा एक कणही दिखावा त्यांच्यात नव्हता, आत्या. त्यांची श्रद्धा खरी होती. म्हणूनच ती लुशीला मारणार होती!

मी कागद परत दिला. म्हटलं, "काका, मला क्षय कधी झालाच नव्हता." आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं. त्यांनी मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. मेलेल्या आत्याची निंदा करणारी, कृतघ्न, हे त्यातले बरे शब्द. ते तसेच तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा आळीत गेलो. लुशी घरामागच्या झोपडीत, वेगळी. हाडं आणि डोळे एवढंच उरलंय. उशाशी पेला, तळाला तुझ्या थडग्याची तांबडी माती. मी तिच्या खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. फोटो, मोसंबी, ठसका, सगळं.

ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "रेजी, येवढं एकच होतं गं माज्याकडं. तेपन काढलंस."

मी खोटं काढून घेतलं होतं, पण त्या जागी ठेवायला माझ्याकडे काय होतं? तेव्हा बाबा खाली मातीत बसले. म्हणाले, "लुशे, मी मागतो तुज्यासाठी. रोज मागीन. पन सुई घ्यायची."

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी तर मिस्सेला आंब्याखाली ऱ्हाता."

"तितूनबी ऐकायला जातं," बाबा म्हणाले.

लुशी हसली, खोकली, आणि मग कितीतरी वेळ रडली. त्या दिवसापासून सुया परत सुरू झाल्या. सुईच्या दिवशी सकाळची बालवाडी झाली की मी आळीत जाते आणि एस.टी.ने तिला पालघरला नेते. डॉक्टर रागावले, मध्ये थांबवल्याने आजार चिवट झालाय म्हणाले. जगेल की नाही, मला माहीत नाही. मी तिला तसं सांगितलंसुद्धा नाही की जगशील. खोटं सांगायचा मला कंटाळा आलाय.

आळीत तुझ्या बाजूने बरेच आहेत. कुस्तान मावशी माझ्याशी बोलत नाही. कोणीतरी म्हणालं, मलाच आता खरा क्षय होईल. फादरांनी मात्र माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि फरशीवर नुसतं तुझं नाव घालायला सांगितलं. नुसतं नाव. त्याच्याखाली काही नाही. तुला किती लागेल ते मला कळतं!

हे सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट छळते आहे.

मठात जाईपर्यंतची बारा वर्षं मी तुझ्याबरोबर एका घरात राहिले. त्या बारा वर्षांत तू एकटी असताना, कोणी बघत नसताना गुडघे टेकलेस असं मी एकदाही बघितलं नाही. हे तुझ्याविरुद्धचं माझं सगळ्यात मोठं हत्यार होतं. पण काल बाबांना ते सांगितलं तर ते म्हणाले, "कोनी बघत नसताना केलं आसंल, तर तुला कसं दिसंल?"

मला राग आला. कारण मग मला तुझ्याबद्दल सगळं माहीत नाही असं होतं. एक विधवा, भावाच्या घरी परत आलेली, जिच्याकडे पुढच्या बाकावर बसेपर्यंत कोणी मान वळवून बघितलं नव्हतं, ती दार लावून काय म्हणत असेल? म्हणत असेल का काही? मला ठाऊक नाही. याने तू निर्दोष ठरत नाहीस, तसं समजू नकोस. लुशीचे दिवस तू परत आणून देऊ शकत नाहीस.

उद्या सगळे तुझ्यासाठी प्रार्थना म्हणतील. बाबाही जाणार आहेत, आंब्याखाली उभे राहायला. मला म्हणाले, "तूबी म्हन काहीतरी." मी नकार दिला. एकदा प्रार्थना म्हणून बघितली होती, ओठ हलले, आत काहीच हललं नाही. तसली प्रार्थना कशी करतात ते मला येतं. तूच शिकवलीस.

म्हणून हे वचन देते, आणि तुला दिलेलं हे माझं पहिलंच खरं वचन आहे. तुझ्यासाठी मी खोटी प्रार्थना कधीही करणार नाही. उद्या नाही, वर्षश्राद्धाच्या मिस्सेला नाही, लोक बघत असतील तेव्हा तर नाहीच. मन जोवर कडू आहे तोवर तुझं नाव माझ्या तोंडून देवापुढे जाणार नाही. आणि ते कधी गोड झालंच, तर दार लावून घेईन आणि मागेन. ते बाबांना कळणार नाही, फादरांना कळणार नाही, आणि आत्या, तुलासुद्धा मी ते पत्र लिहून कळवणार नाही.

तुझी भाची,
रेजिना